वहिनीचं दुसरं वाक्य

३ फेब्रुवारी

लॅबच्या मालकांनी चहा मागवला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. मालक कधी चहा मागवत नाहीत! सगळ्यांना भट्टीजवळ उभं केलं आणि म्हणाले, पुढच्या महिन्यापासून दातांच्या कॅप मशीन करणार. तोंडाचा फोटो काढायचा, बटण दाबायचं, झालं. मी विचारलं, 'आणि शेड?' शेजारच्या दाताशी रंग जुळवणं हे माझं काम. ब्रशने पावडरीचे थर देत अख्खं आयुष्य गेलं. 'तेही मशीनच बघतं. या आठवड्यातच हिशेब घेऊन जा,' म्हणाले — माझ्याकडे न बघता.

आमचे पॉलिशवाले काका दोन्ही हात पुढे करून म्हणाले, 'चला, यांना सुट्टी!' कवळ्या घासून घासून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्यात. कोणी हसलं नाही. चहा मात्र सगळ्यांनी प्यायला.

४ फेब्रुवारी

घरी सांगितलं. दादा म्हणाला, 'मिळेल गं छोटे! तुझ्यासारखी कारागीर शोधून सापडायची नाही.' चाळिशी उलटली तरी मी छोटीच. दादा लोकांना गाडी चालवायला शिकवतो, दिवसभर शेजारी बसून ब्रेकवर पाय. घरातही तेच — कोणी जरा जोरात निघालं की हा दाबतो.

वहिनीची भाजी चिरून झाली, हात पुसले, आणि मग म्हणाली, 'किती पगार असला तर तू नक्की नाही म्हणशील?'

काय चिडले मी! काल नोकरी गेली आणि हिला आज नकाराची पडलीये! ताट तसंच सोडून खोलीत आले.

तिचा सगळा धंदाच बेकारांवर चालतो. संशोधन संस्थेत बसून समीकरणं मांडते — माणूस काम कसं शोधतो, कुठवर थांबतो, कशाला हो म्हणतो. या घरात आल्यापासून ती सांगतेय आणि मी 'हो का, छान' म्हणतेय. आता मीच त्यातलं एक टिंब.

१० फेब्रुवारी

रोजगार कचेरीत नाव नोंदवलं. भत्ता मिळेल, नोकरीच्या वर्षांवरून ठरवलेल्या मुदतीपुरता — मला वर्षभर. रांगेत जो तो पुढच्याच्या पाठीकडे बघतो.

२३ फेब्रुवारी

दातांच्या एका दवाखान्यातून बोलावणं. काउंटरवर बसायचं, फोन घ्यायचे, लोकांना 'बसा' म्हणायचं. पगार निम्मा.

दादा म्हणाला, 'घेऊन टाक! हातात काहीतरी असलेलं बरं.' वहिनी म्हणाली, 'उद्या सांगते म्हणावं. आधी एक खेळ खेळू.'

उशीचा अभ्रा काढून आणला. त्यात चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येकीवर एक आकडा — तो पगार. चिठ्ठी काढायची. पटली तर ठेवायची, खेळ संपला. नाही पटली तर परत टाकायची, पण नवी काढायला एक शेंगदाणा मोजायचा. दाणे संपले की हाताला येईल ती घ्यायची.

दादाने पहिलीच चिठ्ठी ठेवली आणि उरलेले दाणे खाऊन टाकले. आकडा इतका खालचा, की वहिनी टेबलावर डोकं टेकून हसली. माझं उलटं. याहून बरी येईल, याहून बरी येईल करत चांगल्या चांगल्या चिठ्ठ्या परत टाकल्या, आणि शेवटी दादापेक्षाही वाईट पदरात पडली! वहिनीने मनात आधीच एक आकडा धरला होता. त्याच्या वरची पहिली आली, ती ठेवली.

'ही रेघ,' ती म्हणाली. 'अभ्र्यात साधारण काय आहे आणि हातात दाणे किती, यावरून ती ठरवायची. त्या दिवशी मी तुला तेच विचारत होते.'

मग तिने दाणे दुप्पट दिले. पुन्हा खेळलो. जास्त वेळ लागला, पण चिठ्ठ्या बऱ्या आल्या. माझीसुद्धा. (दादाने पुन्हा खाल्ले!)

'दाणे म्हणजे तुझा भत्ता,' म्हणाली. आणि मग ती बोलत राहिली, आणि मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. माणूस काम शोधत असतो, काम माणूस शोधत असतं, दोघांची गाठ पडेपर्यंत वेळ जातो. त्या वेळाला लोक आळस म्हणतात. पण सगळेच्या सगळे कामसू असले, कामंही भरपूर असली, तरी कोणत्याही दिवशी काही माणसं रिकामी दिसणारच — हे कागदावर मांडून दाखवता येतं. किती साधं! आणि माझ्या छातीवरचा केवढा दगड हलला. नोकरी गेल्यापासून आरशात बघायची लाज वाटत होती मला. वहिनीच्या हिशेबात मी रिकामी नाहीच — शोधण्याचं काम करतेय, रोजचं!

२४ फेब्रुवारी

दवाखान्याला 'नाही' कळवलं. दोनदा फोन ठेवला, तिसऱ्यांदा कळवलं.

८ मार्च

पॉलिशवाले काका भेटले. ते लॅबमध्ये उशिरा लागलेले, त्यामुळे त्यांच्या भत्त्याची मुदत अगदी छोटी. ती संपायच्या आत गाड्यांच्या तळावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. 'उभं राहायचं आणि हात करायचा,' म्हणाले. 'फाटकही उघडतं-मिटतं कवळीसारखंच, फक्त मोठ्या तोंडाचं!' गुडघ्याला पट्टा बांधला होता.

२ मे

बोलावणीच बंद झाली. सुरुवातीला उत्तरं तरी यायची. आज कशीबशी एक मुलाखत, त्यात साहेबांनी विचारलं, 'मधले महिने काय करत होतात?' मी म्हटलं, शोधत होते. ते 'अच्छा' म्हणाले. त्या 'अच्छा'नंतर कोणाला नोकरी मिळत नाही.

घरी येऊन रडले. वहिनीने रडू दिलं. मग तिच्या जुन्या कामाचं सांगितलं. त्यांनी खोटे अर्ज तयार करून ठिकठिकाणी पाठवले होते. वय तेच, शिक्षण तेच, अनुभव तोच. फरक एकच — घरी बसल्याचा काळ कोणाचा थोडा, कोणाचा जास्त. ज्यांचा काळ जास्त, त्यांना बोलावणी कमी. त्या अर्जांमागे माणूसच नव्हता, मग आळशी कोण होणार!

'म्हणजे माझ्यात काही खोट नाही?'

कोणीही म्हटलं असतं — छे गं, मुळीच नाही! वहिनी म्हणाली, 'तसं सरसकट सांगता यायचं नाही मला. सराव सुटला की हातही थोडा बोथट होतो. त्यातला हात किती आणि समोरच्याची नजर किती, हे वेगळं काढण्यात तर माझी वर्षं गेली. नजरेचा वाटा मोठा आहे, एवढं मी छातीठोक सांगते.'

मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा ती काडीभर जास्त बोलत नाही. म्हणून तर तिचं बोलणं टेकायला बरं पडतं.

४ मे

टेबलावर मेणाचा डबा, कोरणी आणि बारीक ब्रश. दातांच्या सामानाच्या दुकानातून वहिनीने आणले. दुपारभर दाढा कोरत बसले. बोटांना सगळं आठवतंय!

१५ जुलै

काकांची नोकरी सुटली. गुडघा. परत कचेरीत गेले तर म्हणाले, एवढ्यात पुन्हा भत्ता बसत नाही.

१९ ऑगस्ट

वहिनीच्या संस्थेकडे सरकारी समितीचं मोठं काम आलंय. भत्त्याची मुदत निम्म्यावर आणायची का, याचा अहवाल. लिहिणार वहिनी. वर्षानुवर्षांची आकडेवारी आणि तिची समीकरणं, दोन्ही लावून. तिचा करारही डिसेंबरला संपतो, तो पुढे चालू होणार की नाही हे या कामावर. दादा तिला म्हणाला, 'जरा सांभाळून लिही.' लगेच ब्रेक!

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, काय निघतंय? म्हणाली, 'दोन वाक्यं. एक — मुदत कमी केली की लोक लवकर कामाला लागतात. दोन — अशी घाईत धरलेली कामं लवकर सुटतात, आणि पुढची काही वर्षं त्यांची कमाईही खालीच राहते.'

'पहिलं लिहूच नकोस ना!' मी म्हटलं. 'ते आपल्या विरुद्ध जातं.'

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी ताटात वाळू वाढली. 'अगं, पण ते खरं आहे.'

२ सप्टेंबर

संचालकांना नेमकं पहिलं वाक्यच हवंय. दुसरं काढा म्हणाले. 'समितीला गोंधळात टाकायचं नाही.' वहिनी नाही म्हणाली. मग ते म्हणाले — हे ती सांगत नव्हती, दादाने खोदून खोदून काढलं — 'तुमच्या घरातच एक भत्ता खाणारं माणूस आहे. त्यामुळे तुमची नजर स्वच्छ राहिली नसेल.'

खाणारं माणूस. म्हणजे मी.

दादाने वाटी आपटली. त्याला एवढा चिडलेला क्वचितच पाहिलाय. वहिनी म्हणाली, 'आमटी सांडली. फडकं द्या.'

४ सप्टेंबर

न सांगता त्या दवाखान्यात गेले. काउंटरची जागा पुन्हा रिकामी होती. लावलेली बाई टिकली नाही! सोमवारपासून येते म्हटलं. वाटेत इतकं हलकं वाटलं. आता कोणी वहिनीला बोलणार नाही.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, जवळ घेईल.

'वन्सं, बसा जरा.' ती मला एरवी नावाने हाक मारते. वन्सं आणि बसा म्हणाली की समजायचं, खैर नाही. 'तुम्हाला ती नोकरी आवडली?'

'नाही.'

'मग?'

'तुझ्यावर डाग नको म्हणून.'

'तुला तुझी रेघ खाली आणायची तर आण, तो तुझा हक्क आहे. माझ्यासाठी आणू नकोस. मी लिहिलेलं खरं की खोटं, ते तुझ्या नोकरीवर ठरत नाही.'

'अगं, पण तुझीच नोकरी जाईल!'

'हो,' म्हणाली. 'तेही धरलंय मी.' भाजीत मीठ धरावं इतक्या सहज!

मग तिने चष्मा काढून हातात घेतला. 'तू सोमवारी तिथे जाऊन बसलीस ना, तर मी रोज सकाळी तुला डबा देताना काय तोंड दाखवू? माझ्या अहवालात घाईघाईने हो म्हणणाऱ्यांचा एक तक्ता आहे. त्यात मला तू नकोस.'

दवाखान्याला पुन्हा 'नाही' कळवलं. ते आता मला वेडी समजत असणार.

१४ ऑक्टोबर

आज समितीची खुली सुनावणी होती. दादाने शिकाऊ लोकांना सुट्टी दिली, आम्ही दोघं गेलो. लांबलचक खोली, खुर्च्यांना एकमेकींशी साखळीने बांधलेलं, पंख्याचा नुसता आवाज. संचालक पहिल्या रांगेत.

वहिनी उभी राहिली. साधी, घरात बोलते तशीच बोलली. आधी पहिलं वाक्य. सगळ्या आकड्यांसह, कुठेही कमी न करता! समितीतले एक जाड चष्म्याचे सभासद मान डोलवायला लागले. संचालक खुर्चीत मागे टेकले. मी मनात म्हणतेय, आता पुरे, अगं किती देशील त्यांना!

मग पाण्याचा घोट घेऊन दुसरं. 'हेच लोक पुढे कुठे गेले ते आता बघू,' एवढंच म्हणाली, आणि एकेक वर्ष उलगडत गेली. किती जणांची ती नोकरी सुटली. किती जणांना पुन्हा जुन्या कौशल्याचं काम मिळालंच नाही. आधीचं वाक्य तिने इतकं चोख मांडलं होतं की दुसऱ्यावर बोट ठेवायला जागाच उरली नाही. आता मला कळलं ती ऑगस्टमध्ये माझ्याकडे तशी का बघत होती.

जाड चष्मेवाले म्हणाले, 'बाई, एक विचारतो. तुमच्या घरात कोणी भत्ता घेतं का?'

दादाने माझं मनगट धरलं.

'हो,' वहिनी म्हणाली. 'माझी नणंद. ती तिकडे तिसऱ्या रांगेत बसली आहे. दात बनवते. अहवालातली माहिती तिचं काम सुटण्याच्या आधीची आहे, आणि ती मी सगळ्यांना तपासायला खुली ठेवली आहे. माझी चूक काढलीत तर मी आभार मानून दुरुस्त करीन.'

दात बनवते! बनवायची नाही — बनवते. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी मान खाली घातली नाही.

परतताना विचारलं, पॉलिशवाल्या काकांचं का नाही सांगितलंस? ऐकून दगडालाही पाझर फुटला असता. म्हणाली, 'काका एक आहेत. उद्या दुसरा कोणी उभा राहून सांगेल, मी पहिलीच नोकरी धरली आणि सुखात आहे. मग काय त्याला खोटं पाडायचं? आणि काकांना विचारलंय कोणी, त्यांचा गुडघा चारचौघांत आणू का म्हणून?'

दादा गाडी चालवत होता. एकदाही ब्रेक दाबला नाही. नंतर म्हणाला, 'छोटे, मी हिच्याशी लग्न केलं तेव्हा मला वाटायचं ही नुसती हुशार आहे.'

१६ ऑक्टोबर

संचालक वहिनीशी बोलत नाहीत. संस्थेत तिचं टेबल जिन्याजवळ हलवलं. 'उजेड चांगला आहे तिथे,' म्हणाली.

२७ ऑक्टोबर

वहिनी म्हणाली, जाहिरातीत कामाचं नाव बघूच नकोस. हात काय करतात ते बघ. तिचं म्हणणं, माणूस आपल्या जुन्या नावाच्याच दारावर टकटक करत राहतो, आणि शेजारच्या दारामागे त्याच हातांची वाट बघत असतात. आज मी चित्रकारांच्या जाहिराती वाचल्या. मी! दादा म्हणाला, 'भिंत रंगवायची असेल तर आपलीच आहे घरची.'

३ नोव्हेंबर

कुठून सुरुवात करू!

'बारीक कामाचा चित्रकार पाहिजे' एवढीच जाहिरात. पत्त्यावर गेले तर एक वयस्कर बाई, पांढरा डगला, कपाळावर भिंग. कृत्रिम डोळे बनवतात त्या! ज्यांचा एक डोळा गेला त्यांच्यासाठी. बुबुळ हाताने रंगवायचं, उरलेल्या डोळ्याशी जुळवून. पांढऱ्या भागावर लाल रेशमाच्या तंतूंनी शिरा काढायच्या. मशीनचं छापलेलं बुबुळ डोळा हलला की मेलेलं दिसतं, म्हणाल्या.

मी माझ्या मेणाच्या दाढा आणि शेडचे जुने नमुने दाखवले. त्यांनी दाढा उजेडात धरून फिरवल्या. मग समोर उजवा डोळा गेलेले एक माजी बस-ड्रायव्हर बसले होते, त्यांच्याकडे बोट केलं. 'यांचा डावा डोळा बघा आणि रंग लावून दाखवा.'

कोणाच्या डोळ्यात इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. तपकिरी म्हणावा तर कडेला हिरवट झाक, आणि बाहुलीभोवती मधाचं बारीक कडं. थरावर थर. अगदी दातासारखं! ड्रायव्हर सुरुवातीला लाजले, मग म्हणाले, 'बाई, माझी बायकोपण इतकं बघत नाही हो.' संपल्यावर आरशात शेजारी धरून पाहिलं. नुसती मान हलवत राहिले.

बाई पगार सांगत होत्या, पण मी त्याच्या आधीच हो म्हणून बसले होते.

घरी वहिनीने पहिलं हेच विचारलं, 'रेघेच्या वर?'

'थोडा खाली.'

मला वाटलं, रागावेल. ती हसायलाच लागली. 'पगार एकटा धरला की समीकरण सोपं होतं, म्हणून सुरुवात तिथून करायची. काम कसं आहे याचंही वजन धरतात गं. त्याच्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय मी.'

'हिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर प्रकरण!' दादा म्हणाला. मग तिने मला जवळ घेतलं. तिचा चष्मा माझ्या कानाला टोचला, तरी सोडेना.

१० नोव्हेंबर

पहिला आठवडा. पाठ मोडलीये. आनंद!

२८ नोव्हेंबर

समितीचा निकाल लागला. मुदत निम्मी. आत्तापासूनच लागू. जाहीर पत्रकात वहिनीचं पहिलं वाक्य आहे, तिच्या नावासकट. दुसरं नाही.

मी पत्रक टराटरा फाडणार होते. तिने हातातून काढून घेतलं, शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, 'आकडा बरोबर छापलाय.' मग जिन्यात जाऊन बराच वेळ बसली. दादा चहा घेऊन गेला आणि तिच्या शेजारी बसला.

आज तिचं दुसरं वाक्य मी इथे लिहून ठेवते. घाईत धरलेली कामं लवकर सुटतात, आणि पुढची काही वर्षं कमाईही खालीच राहते. कोणी न छापल्याने ते खोटं होत नाही.

१९ डिसेंबर

संस्थेने वहिनीचा करार पुढे चालू केला नाही. काल कळलं. आज सकाळी मी कामावर निघाले, तर ती माझ्याबरोबरच तयार होऊन दारात उभी. रोजगार कचेरीत नाव नोंदवायला निघालेली. नव्या नियमाने, निम्म्या मुदतीसाठी. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत मला हळूच विचारलं, 'तिथे किती वेळ बसवतात गं? काही खायला बरोबर नेऊ?'